मांडवीतून मालवणला शिडाच्या बोटीने: बोट लागू नये म्हणून काय करावं?

सावईची_सून

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ३४ फुटी शिडाच्या बोटीने गोव्यातल्या मांडवी नदीतून मालवणला जायचं ठरतंय. एक रात्र मालवणात मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. आग्वादपासून अंतर साधारण ४० सागरी मैल, म्हणजे ५ नॉटच्या (तासाला ५ सागरी मैल) वेगाने आठेक तास. बोटीवर सहा जण. स्किपर (बोटीचा कप्तान) आणि त्याचा जोडीदार सराईत, बाकी आम्ही चौघं नवखे. मुलगा ९ वर्षांचा, त्याला चोर्ला घाटात हमखास गाडी लागते. सासूबाई ६४ च्या, त्यांना बीपीची गोळी रोज चालू आहे.

नेमकं विचारायचंय ते असं. गोळी घ्यायची तर कोणती आणि कधी? बोटीवर कुणाला कुठे बसवायचं? आदल्या दिवशी आणि सकाळी काय खायचं? आणि एवढं करूनही उलट्या सुरू झाल्याच, तर किनारा दिसेपर्यंत नुसतं सोसायचं की काही करता येतं? "लिंबू हुंगा" याच्या पुढचं कुणी सांगितलं तर बरं होईल.

शीड_सुकाणू

ताई, गोळ्यांचं जाणकार सांगतील. मी समुद्राचं सांगतो, कारण बोट लागणं निम्मं तरी निघायच्या वेळेवर आणि दिशेवर ठरतं. याचा विचार सहसा कुणी करत नाही.

शरीराला सगळ्यात जास्त त्रास होतो तो साधारण ५ सेकंदांत एकदा वर-खाली होणाऱ्या हालचालीचा. त्याहून बरीच संथ लाट बोटीला नुसती उचलून ठेवते आणि पोटाला फारसं कळत नाही. त्याहून बरीच जलद हालचाल अंग खिळखिळं करते, पण मळमळ कमी होते. म्हणून अंदाज बघताना लाटेची उंची बघून थांबू नका, दोन लाटांमधला वेळही बघा. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राच्या अंदाजात उंची, दिशा आणि हा वेळ, तिन्ही मिळतं. १२ सेकंदांची दीड मीटर लाट खुल्या समुद्रात सोसते. ५-६ सेकंदांची एक मीटर लाट सोसत नाही.

आता तुमच्या मार्गाकडे बघा. मालवण उत्तरेला, जराशा वायव्येकडे. डिसेंबरात दुपारचा दर्यावरचा वारा वायव्येचाच, म्हणजे जाताना लाट समोरून. ६ सेकंदांची लाट घ्या. ती साधारण १८ नॉटने येत असते. तुम्ही तिच्यावर ५ नॉटने चालून गेलात की बोटीला ती पावणेपाच सेकंदांनी भेटते, नेमक्या नको त्या तालात. तीच लाट परतताना मागून आली की भेट सव्वाआठ सेकंदांवर जाते. लाट तीच, बोट तीच, आणि जाताना चौघं आडवे, येताना सगळे हसतखेळत, हे याच हिशेबामुळे होतं.

यातून काय करायचं ते ओघाने आलंच. पहाटे साडेपाच-सहाला नांगर उचला. हिवाळ्यात रात्री जमीन निवते आणि पहाटे पूर्वेकडून जमिनीवरचा वारा सुटतो. तो उजव्या बाजूने मिळतो, किनारा जवळ असल्यामुळे त्याची लाट वाढत नाही आणि बोट एका बाजूला स्थिर कलून चालते. दहा-अकराला तो पडतो. मधला तास-दोन तास इंजिन लावा, पण मेनसेल (डोलकाठीमागचं मुख्य शीड) उतरवू नका. ताणून बसवलेलं मेनसेल बोटीचं डोलणं पुष्कळ दाबतं. वायव्येचा वारा जोर धरेपर्यंत तुम्ही वेंगुर्ल्याच्या पुढे गेलेले असायला हवं, म्हणजे समोरच्या लाटेत शेवटचे आठ-दहा मैलच राहतात. नऊला निघालात तर अर्ध्याहून जास्त वाट त्या लाटेत जाते.

वारा पडलेला असतानाही वायव्येकडून डोल येताना दिसला तर गोंधळू नका. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडे जे शमाल वारे सुटतात त्यांनी उठवलेली लाट अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागते. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी यावर काम केलंय. तिचा काळ ६ ते ८ सेकंद असतो, म्हणजे पुन्हा आपल्या नावडत्या पट्ट्यातच. अंदाजात वायव्येची लाट सव्वा मीटरच्या वर दिसली तर नवख्यांना घेऊन जायचा दिवस पुढे ढकला. स्किपरला हे आधीच सांगून ठेवा, त्यात संकोच नको.

समोरची लाट लागलीच तर स्किपरच्या हातात दोन उपाय असतात. वेग ६ वरून ४ नॉटवर आणणं, आणि बोट लाटेवर नाकासमोर न घालता २०-३० अंश तिरकी घेणं. अंतर थोडं वाढतं, आपटणं बरंच कमी होतं. शीड वेळेत आखडणंही त्यातच आलं. फार कललेल्या बोटीत शरीर सतत तोल सावरत राहतं, त्याने थकवा येतो आणि थकलेल्याला बोट लवकर लागते.

परतीत एक जागा सांभाळायची, मांडवीचं मुख. आग्वादच्या आत वाळूचा दांडा आहे. उधाणाला भरती-ओहोटीत दोनेक मीटरचा फरक पडतो. दुपारी वायव्येचा वारा आत येतोय आणि त्याच वेळी ओहोटीचं पाणी बाहेर पडतंय, अशा तासाला तिथे लाट आखूड आणि उभी होते. दिवसभर ठीक असलेली माणसं या शेवटच्या अर्ध्या तासात ओकतात. भरतीचं कोष्टक बघून पाणी आत शिरत असताना किंवा थांबलेलं असताना मुखात या.

फार्मसी_म्हापसा

गोळ्यांबद्दल. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी: मळमळ सुरू झाल्यावर गिळलेली गोळी जवळजवळ वाया जाते. बोट लागायला लागली की जठराचं काम मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते आणि पुढच्या उलटीत बाहेर येते. म्हणून गोळीची वेळ धक्क्यावर पोचायच्या आधीची असते.

आपल्याकडे चालणारे पर्याय, मोठ्या माणसाचं प्रमाण धरून:

अ‍ॅव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन थिओक्लेट २५ मिलिग्रॅम. लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री झोपताना एक. छोट्या फेरीला निघण्याआधी एक-दोन तास. पहाटे सहाला निघणाऱ्यांना रात्रीची वेळ सोयीची, कारण झोपेचा पहिला जोर अंथरुणातच निघून जातो. गुंगी मात्र यात भरपूर.

सिनॅरिझिन २५ मिलिग्रॅम, स्टुजेरॉन नावाने मिळते. दोन तास आधी एक, पुढे लागलीच तर आठ तासांनी. झोप तुलनेने कमी, म्हणून शिडाच्या बोटीवर काम करणारे हिला पसंती देतात. दुकानात ७५ मिलिग्रॅमची फोर्टही असते, ती या कामाची नाही. पार्किन्सनच्या रुग्णाला सिनॅरिझिन अजिबात द्यायची नाही.

डायमेनहायड्रिनेट ५० मिलिग्रॅम, ड्रामामाइन नावाने. अर्धा ते एक तास आधी. असर चार-सहा तासांचा, त्यामुळे आठ तासांच्या प्रवासात दुसरी गोळी घ्यावी लागते आणि ती घ्यायच्या वेळेला नेमकी मळमळ असू शकते. मेक्लिझिन २५ मिलिग्रॅम एक तास आधी, दिवसभर पुरते, पण १२ वर्षांखालच्यांना नाही.

यातली कुठलीही एकच. दोन मिसळल्या तर गुण दुप्पट होत नाही, गुंगी मात्र होते.

आता काय घेऊ नये. ओन्डॅनसेट्रॉन आणि डोमपेरिडोन लोक सर्रास मागतात, कारण घरात उलटीवर तीच असतात. पण त्यांचं काम पोटाकडून येणाऱ्या किंवा औषधांमुळे होणाऱ्या उलटीवर. कानातल्या तोलाच्या यंत्रणेतून सुरू होणारी मळमळ त्यांनी फारशी रोखली जात नाही. बेटाहिस्टिन, म्हणजे व्हर्टिन, चक्कर येण्याच्या ठरावीक आजारावरचं औषध. "चक्करची गोळी" म्हणून ती घेऊन बोटीवर जाण्यात अर्थ नाही. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी कुणी परदेशातून आणून दिली तर ती निदान चार तास आधी लावतात आणि ती तीन दिवस चालते. लावल्यावर हात साबणाने धुवा. तो हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन दिसणं धूसर होतं. मुलांना ती लावू नका.

सासूबाईंसाठी: काचबिंदू आहे का, आणि बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, हे दोन प्रश्न त्यांच्या डॉक्टरांना विचारा. काचबिंदू असेल तर वरच्यांपैकी बऱ्याच गोळ्या चालत नाहीत. लघवीचं औषध असेल आणि वर उलट्या झाल्या, तर अंगातलं पाणी झपाट्याने उतरतं. शिवाय प्रोमेथाझिनने उठून उभं राहताना बीपी खाली येऊ शकतं, आणि हलत्या डेकवर तेच पडायला पुरेसं आहे. पुरुषमंडळींत कुणाला प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्यांनीही विचारूनच घ्यावी, लघवी अडू शकते.

मुलासाठी: ५ ते १० वयाला अ‍ॅव्होमिनची अर्धी गोळी हे छापील प्रमाण. तरी वजन सांगून बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या. काही मुलं या गोळीने झोपण्याऐवजी उलट चिडचिडी आणि अस्वस्थ होतात. म्हणून एखाद्या रविवारी घरी देऊन बघा. मोठ्यांनीही जमिनीवर एक गोळी घेऊन बघावी. जो हिने दिवसभर पेंगतो त्याला सुकाण्यावर बसवता येत नाही, हे आधी कळलेलं बरं.

आणि कुणालाही मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर ते स्किपरला माहीत पाहिजे. औषध पोटात, जेवण बाहेर, अशा वेळी साखर उतरते. घाम आणि थरथर बोट लागल्याचीच समजून लोक दुर्लक्ष करतात.

बेतूलचा_खारवी

बसायच्या जागेचं.

बोटीचा पुढचा टोकाचा भाग सगळ्यात जास्त वर-खाली होतो. फोटोसाठी सगळे तिथेच जातात. नवख्यांना कॉकपिटमध्ये (सुकाण्याजवळची उघडी बसायची जागा) किंवा डोलकाठीच्या जरा मागे, मध्यरेषेजवळ बसवा, तोंड पुढे. कॉकपिट उघडं हवं, वारा तोंडावर लागायला हवा, डोक्यावर टोपी किंवा छत हवं. ऊन आणि तहान मळमळीला हात देतात.

कारण साधं आहे. कानाच्या आतली तोलाची नळी सांगते "हलतंय", आणि डोळे केबिनच्या भिंतीकडे किंवा मोबाइलकडे बघून सांगतात "स्थिर आहे". मेंदूला हा मेळ लागत नाही. डोळ्यांना क्षितिज दिलं की दोघांचं एक होतं. तुमच्या मार्गावर पूर्वेला किनारा दिवसभर दिसणार. आग्वादचा दीपस्तंभ, तेरेखोलची टेकडी, वेंगुर्ल्याचे खडक, अशा दूरच्या खुणांवर नजर ठेवा. दुर्बीण नको, कॅमेऱ्याचा पडदा नको, पुस्तक नको. मार्ग आणि वाटेतली आसऱ्याची ठिकाणं, म्हणजे रेडी आणि वेंगुर्ला, घरीच नकाशावर पक्की करून घ्या. बोटीवर खाली मान घालून नकाशा बघणारा पहिला आडवा होतो.

सगळ्यात गुणकारी जागा म्हणजे सुकाणू. टिलर (सुकाण्याचा दांडा) हातात असलेल्याला पुढची लाट येण्याआधी दिसते आणि शरीर आधीच तयार होतं. नवख्यांना अर्ध्या-अर्ध्या तासाने आळीपाळीने सुकाण्यावर बसवा, स्किपर शेजारी राहील. पण होकायंत्राकडे टक लावून चालवू नका. दूरची खूण धरा, होकायंत्राकडे मधूनमधून फक्त नजर टाका.

वास. निघायच्या आदल्या दिवशी बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसून धुऊन घ्या. तळातल्या पाण्यावर डिझेलचा तवंग असेल तर बोट हलली की सगळी केबिन वास मारते. आदल्या फेरीचा मासळीचा डबा, ओली सुंभं, सांडलेलं रॉकेल, सगळं बाहेर. परतीच्या वाटेवर वारा मागून असताना इंजिन लावलं तर धूर कॉकपिटमध्येच फिरत राहतो. तेव्हा शक्यतो शिडावरच या. आणि वारा बरोबर पाठीमागून घेतला की बोट दोन्हीकडे लोळते, म्हणून २०-३० अंश एका बाजूला घेऊन चला. बूमला (मेनसेलच्या तळाचा आडवा दांडा) दोर बांधून ठेवायला विसरू नका, नाहीतर ती अचानक फिरेल.

खाली केबिनमध्ये जायची वेळच येऊ नये अशी मांडणी ठेवा. पाणी, खाऊ, जाकीट, टोपी, गोळ्या, ओआरएस, पिशव्या हे सगळं कॉकपिटमधल्या एका पिशवीत. संडासात बसणं ही बोटीवरची सगळ्यात वाईट पाच मिनिटं असतात: बंद जागा, वास, नजरेला भिंत. निघण्याआधी सगळ्यांनी किनाऱ्यावरच जाऊन या.

पेजेची_वाटी

खाण्याबद्दल मी लिहिते.

उपाशी निघणं ही सर्रास होणारी चूक. रिकाम्या पोटात आम्ल खवळतं, आणि उमासे येतात तेव्हा बाहेर पडायला काहीच नसल्याने जास्त हाल होतात. भरपेटही नको. आदल्या रात्री आठच्या आत साधा वरण-भात किंवा खिचडी. झणझणीत शागोती, तळलेली मासळी, साजूक तुपातलं काही नको. तेलकट अन्न जठरात रेंगाळतं. सकाळी निघण्याआधी तासभर वाटीभर पेज, मीठ घालून, सोबत चेपणीच्या तोराची (मिठात मुरवलेल्या कैरीची) एखादी फोड. पेज आवडत नसेल तर उंडा (आपला गोल पाव) किंवा टोस्ट आणि केळं. दुधाचा मोठा कप टाळा. कॉफीची सवय असेल तर अर्धा कप घ्या, एकदम सोडलीत तर डोकं दुखेल.

बोटीवर दर तासाला थोडंसं काही: खारी बिस्किटं, चुरमुरे, भाजलेले चणे. पेजेचा थर्मास न्या. ती दुपारपर्यंत गरम राहते आणि गॅस पेटवायला कुणाला खाली जावं लागत नाही. पाणी घोट-घोट घ्या.

दारू आदल्या रात्रीपासून बंद, हे मात्र काटेकोर पाळा. फेणी असो की बिअर. मद्य कानातल्या तोलाच्या अवयवात शिरतं, तिथल्या द्रवाचं आणि पडद्याच्या वजनाचं गणित बिघडवतं. रक्तातली नशा उतरली तरी तो बिघाड काही तास राहतो, म्हणून पिऊन झोपलेल्याला सकाळी आडवं झाल्यावर छत फिरताना दिसतं. तशा कानाने बोटीवर चढणं म्हणजे आधीच अर्धी बोट लागलेली. शिवाय वरच्या सगळ्या गोळ्यांची गुंगी मद्याने वाढते.

झोप पूर्ण हवी. रात्री दोनपर्यंत सामान भरत बसून पहाटे पाचला उठणाऱ्यांना गोळीही वाचवत नाही.

सावईची_सून

किती नेमकं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. आणखी थोडं विचारते. आल्याच्या वड्या आणि मनगटावरचे दाबपट्टे यांनी खरंच फरक पडतो का? मुलाला गोळी द्यायला त्याचे बाबा नाखूश आहेत. आणि उलट्या सुरू झाल्यावर काय करायचं ते कुणी सविस्तर सांगाल?

फार्मसी_म्हापसा

आलं: काहींना हलक्या मळमळीत आराम पडतो, अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. घ्यायचं तर सुंठ पावडर दिवसभरात एक ग्रॅमच्या आसपास, निघण्याआधी तासभर सुरुवात करून. आल्याच्या वडीत साखरच जास्त असते, पण चघळायला हरकत नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल त्यांनी सुंठ रोज मोठ्या मात्रेत घेऊ नये. मनगटपट्टा: मनगटाच्या घडीपासून आपलीच तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधल्या बिंदूवर दाब. त्याचेही पुरावे संमिश्र, पण अपाय काही नाही. मुलाला पट्टा आणि सुंठ देऊन बघायचं असेल तर बघा. मात्र हिवाळ्यातल्या समोरच्या लाटेत या दोन्हींवर भरवसा ठेवून गोळी घरी ठेवू नका. २ ते १२ वयाच्या मुलांना बोट सगळ्यात जास्त लागते, आणि घाटात गाडी लागणारा मुलगा बोटीवर वाचेल ही अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. बाबांना सांगा, घरी एक रविवार करून बघा, मग ठरवा.

मुलांच्या बाबतीत आणखी एक. लहान मुलं "मळमळतंय" म्हणत नाहीत. गप्प होतात, जांभया देतात, तोंड फिकट पडतं, खेळ सोडून कुशीत येतात. तेवढ्यावरच हालचाल करा.

शीड_सुकाणू

लागल्यावर काय करायचं ते सांगतो. इथे वेळेला फार किंमत आहे.

पहिल्या खुणा: सारखी जांभई, तोंडाला सुटणारं पाणी, कपाळावर गार घाम, बोलावंसं न वाटणं. या टप्प्यावर माणूस परत आणता येतो. त्याला लगेच सुकाण्यावर बसवा, नजर क्षितिजावर, तोंडावर वारा, खारं बिस्किट हातात. बहुतेक लोक इथे लाजून गप्प राहतात आणि दहा मिनिटांत वेळ निघून जाते. निघतानाच सगळ्यांना सांगून ठेवा की पहिली जांभई आली की बोलायचं. ब्रिटिश नौदलाचा नेल्सन आयुष्यभर समुद्रावर राहिला आणि त्यालाही बोट लागायची. यात कमीपणा कसला?

उलटी आलीच तर कठड्यावरून वाकायचं नाही. ओकताना माणसाचा हाताचा जोर जातो, डोळे मिटतात, आणि नेमकी तेव्हाच बोट उसळते. बोटीवरून माणूस पडण्याचा हा खरा धोका आहे. कॉकपिटमध्ये बसूनच बादलीत ओका. बादलीत तळाशी थोडं समुद्राचं पाणी असू द्या, चिकटत नाही. ज्याला कठडाच हवा त्याने लाइफजॅकेट घातलेलं, हार्नेसचा (अंगावरच्या सुरक्षा-पट्ट्याचा) दोर बोटीच्या पक्क्या कडीला अडकवलेला, आणि वारा जिकडे जातोय त्या बाजूला, दुसऱ्या कुणीतरी कमरेचा पट्टा धरलेला. मुलाला तर नेहमी बादलीच.

दोनदा ओकून झालं आणि सुकाण्यावर बसवणं शक्य नसेल, तर आडवं करा. केबिनच्या मधल्या भागात, जमेल तितकं खाली, बोट ज्या बाजूला कलली आहे त्या बाजूच्या बाकावर, पाठीवर, डोळे मिटून. डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा किंवा गुंडाळलेली जाकिटं ठासून लावा, म्हणजे डोकं डुलणार नाही. निम्मा आराम त्या स्थिर डोक्यात आहे. मात्र तो उलटी करत असेल तेव्हा कुशीवर वळवा. डेकवरून खाली जाताना रेंगाळू नका. खाली जाकीट काढत उभं राहिलं की पुन्हा सुरू. तसेच आडवे व्हा.

पाणी: उलटीनंतर १० ते १५ मिनिटं काही देऊ नका. मग ओआरएस, एक चमचा, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा एक. तासाभरात शंभर-दीडशे मिलिलिटर पोटात राहिलं तर छान. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात आणि छोटं २०० मिलिलिटरमध्ये पूर्ण विरघळवायचं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकणं चुकीचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शहाळं चांगलं, पण त्यात सोडियम कमी असतं, चिमूटभर मीठ टाका.

काही तास लघवी झाली नाही, माणूस भलतंच बोलतोय, उलटीत रक्त आहे, किंवा सासूबाईंना उठवून बसवल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर मालवण सोडा आणि जवळच्या रेडी किंवा वेंगुर्ल्याला वळा. शंका असेल तर बोटीच्या व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर आधीच बोला.

बेतूलचा_खारवी

एक भर घालतो. मालवणच्या खाडीजवळ नांगर टाकल्यावर सगळे सुटलो म्हणतात आणि तेव्हाच काहींना पुन्हा मळमळतं. वारा एकीकडून आणि लाट दुसरीकडून आली की थांबलेली बोट आडव्या लाटेत लोळते. मागून एक जादा नांगर टाकून बोटीचं नाक लाटेकडे फिरवा. एवढ्याने रात्र सुखाची जाते. आणि मालवणात उतरल्यावर खायची घाई नको. ज्यांना दिवसभर बोट लागली त्यांनी रात्री पेज किंवा मऊ भात, तिखट सुकं दुसऱ्या दिवशी.

परतीला शरीर थोडं सरावलेलं असेल, पण पूर्ण सराव व्हायला दोन-तीन दिवस सलग समुद्रावर राहावं लागतं. म्हणून परतीसाठीही गोळी तिच्या वेळेला घ्याच.

पेजेची_वाटी

जमिनीवर आल्यावर न्हाणीघरात किंवा अंथरुणावर पडल्यावर सगळं डुलतंय असं वाटेल. घाबरू नका, ते बहुतेकांचं काही तासांत, फार तर दोन दिवसांत जातं. महिनाभर टिकलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. गोळीची गुंगी आणि हे डुलणं दोन्ही अंगात असताना पणजीहून सावईपर्यंत गाडी तुम्ही चालवू नका. ज्याने गोळी घेतलेली नाही असा कुणीतरी धक्क्यावर बोलावून ठेवा.